अणू थांबवणारे दांगटसर

आमच्या कॉलेजात दारं आपटायची पद्धत होती. वारा आपटायचा, पोरं आपटायची, प्राचार्य रागावले की तेही आपटायचे, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. दांगटसर भौतिकशास्त्र विभागात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या दारांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले. स्वतः, स्टुलावर चढून, हातात हातोडी घेऊन. मी रसायनशास्त्राचा माणूस. माझ्या प्रयोगशाळेचं दार त्यांच्या दारासमोरच. "हे काय चालवलंय?" असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ते खाली न बघता म्हणाले, "केमिस्ट्री, तुमचं दार आपटलं की माझे अणू दचकतील."

"तुमचे अणू अजून आलेत कुठे?"

"येतील. त्यांच्या आधी शांतता आलेली बरी."

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी कायमचा 'केमिस्ट्री' झालो. ते सगळ्यांनाच विषयावरून हाक मारायचे. प्राचार्य इतिहासाचे, म्हणून ते 'हिस्टरी', पण ते त्यांच्या माघारी. अंगानं सडसडीत, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चाल अशी की शेजारून गेले तरी कळू नये. चहा मागवायचे आणि विसरायचे. तो पार गार झाला की एका घोटात संपवायचे आणि म्हणायचे, "आता कसा जागेवर आला." कोणी तावातावानं बोलायला लागलं की शांतपणे सांगायचे, "तापलात तुम्ही. घाई म्हणजेच उष्णता." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा वैतागून म्हणालो, "मग परीक्षेचा निकाल तुम्हीच लावा सावकाश." ते हसले नाहीत. विचारात पडले. चेष्टा त्यांना कळायची, पण जरा उशिरा पोचायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सर मूळचे निमगाव सावाचे, घरची बागायती शेती. पुण्यात शिकले, मग बंगळूरच्या एका संस्थेत संशोधन केलं, मग काही वर्षं परदेशात. तिथे ज्या प्रयोगशाळांमध्ये अणूंना लेसरच्या उजेडानं थंड करतात, त्यांतल्या एकीत ते होते. असा माणूस आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला भिंगं शिकवायला का यावा, हे कोडं सगळ्या स्टाफरूमला पडलं होतं. काहीतरी लफडं करून आला असणार, असंही एकजण बोलला. खरं कारण फार साधं होतं. वडील गेले, आई एकटी राहिली, आणि आई गाव सोडायला तयार नव्हती. "माझं मढं हितनंच निघंल," असं तिनं एकदाच सांगितलं आणि सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

पण त्यांनी अणूही सोडले नाहीत. बंगळूरच्या आपल्या जुन्या संस्थेला त्यांनी पटवलं की हा प्रयोग एखाद्या खेड्यातल्या कॉलेजातही होऊ शकतो. संस्थेनं यंत्रसामग्री वापरायला दिली, ठरावीक मुदतीसाठी. तेवढ्या मुदतीत अणू पकडून दाखवायचे. दाखवले तर सामान इथेच राहणार, पुढचं कामही इथेच होणार. नाही जमलं तर सगळं परत. एकदा मी विचारलं, "आणि परत गेलं तर तुम्ही काय करणार?" त्यांनी दुमडलेली बाही आणखी वर सारली. मग म्हणाले, "केमिस्ट्री, मला दोन्ही पाहिजेत हो. आई पण आणि अणू पण. दोन्ही ठेवायची ही एकच वाट आहे." इतका शिकलेला माणूस, पण ते बोलताना त्यांचा चेहरा जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

सामान आलं तेव्हा गर्दी जमली. त्यात मुख्य होता एक स्टीलचा डबा, मोठ्या कळशीएवढा, सगळ्या अंगांना काचेच्या खिडक्या असलेला. त्यातली हवा पंपानं इतकी काढायची की आत जवळजवळ काहीच उरू नये. मग त्या रिकाम्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू सोडायचे आणि सहा बाजूंनी लेसर मारून त्यांना मधोमध धरून ठेवायचं. आमचा प्रयोगशाळा सहायक किसन तळेघरचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, उजेडानं गार कसं व्हईल? उन्हात ठिवलं तर पानी तापतं न्हवं?"

सरांना असा प्रश्न आला की फार आनंद व्हायचा. ते किसनला व्हरांड्यात घेऊन गेले. "समज, तू पळत येतोयस. मी समोरून तुझ्या छातीवर एक हरभरा मारला. थांबशील?"

"छ्या! हरबऱ्यानं काय व्हतंय?"

"आणि लाखो हरभरे मारले, एकामागून एक?"

किसननं विचार केला. "मंग थांबंन. पर सर, मागनंबी मारताय की तुमी. त्यो हरबरा फुडं ढकलंल न्हवं?"

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत चमक होती. "बघा केमिस्ट्री, एमेस्सीच्या पोरांना हे सुचत नाही." मग त्यांनी किसनला समजावलं की लेसरचा रंग अगदी नेमका लावायचा, म्हणजे अणूला फक्त समोरून येणारा उजेड लागतो, मागचा लागत नाही. अणूचं पळणं संपलं की तो गार. गारवा म्हणजे दुसरं काही नाही, पळणं थांबणं. किसन म्हणाला, "असं व्हय," आणि मला खात्री आहे की त्याला माझ्याइतपत कळलं असणार, म्हणजे निम्मं.

त्यांच्या गावच्या यात्रेत बैलगाडे पळायचे तेव्हा सर मला एकदा घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, घेऊन गेले होते. सगळं गाव शर्यत संपते त्या निशाणाकडे डोळे लावून, भिर्रर्र असा ओरडा, भंडाऱ्याची धूळ, नि सर मात्र निशाणाच्या पलीकडे, घाटाच्या वर जाऊन उभे. तिथे काय बघायचं? तिथे पळून आलेले बैल थांबवायची माणसं असायची. कोण कसा समोर येतो, कोण कासऱ्याला हात घालतो, बैल कितव्या पावलाला मऊ पडतो, हे सर टक लावून बघत होते. "सगळे पळण्याचं बघतात," ते म्हणाले, "थांबवण्याचं कसब कोणी बघत नाही." माझ्या डोक्यात धूळ गेली होती आणि मला भूक लागली होती, म्हणून मी फार दाद दिली नाही.

प्रयोगशाळेत त्यांचं सोवळं देवळापेक्षा कडक होतं. चपला बाहेर. हातात मोजे. त्या डब्याच्या आतल्या अंगाला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा जरी राहिला तरी तो आतून वास सोडल्यासारखा वाफ सोडत राहतो आणि हवा कधीच पुरती निघत नाही, असं ते सांगायचे. मला त्यांनी एकदा भजी खाऊन आलो म्हणून दारातूनच परत पाठवलं. मी चिडलो. पण दुसऱ्या दिवशी तेच माझ्यासाठी भजी घेऊन आले आणि व्हरांड्यात उभं राहून आम्ही खाल्ली.

त्यांच्या आई, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, बाजारच्या दिवशी एसटीनं येऊन जायच्या. ठेंगण्या, काटक, नऊवारी नेसलेल्या, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. सर प्रयोगशाळेत असले की त्या दाराबाहेर पायरीवर बसायच्या. आत काय आहे ते त्यांना फारसं कळत नव्हतं, पण आपला मुलगा त्यात जीव ओततोय हे कळत होतं. "मास्तर, त्या भांड्याचं झालं का वो?" असं मला दर वेळी विचारायच्या.

त्या वर्षी खंडेनवमीला कॉलेजात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. सरांच्या प्रयोगशाळेची पूजा दारातच, उंबऱ्यावर नारळ फोडून. मावशीही आल्या होत्या. डब्याची जुळणी पूर्ण झाली होती. दुसऱ्या दिवशी तो बंद करायचा होता. वरचं झाकण तेवढं बाकी होतं आणि तोंडावर ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद झाकला होता. मावशींनी दारातून बघितलं.

"मुरली, यात काय भरायचंय?"

"काय नाय आई. रिकामं करायचंय."

"रिकामंच तर हाय."

"अजून रिकामं करायचं. मग बंद करायचं."

मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रिकामं भांडं बंद करत्यात व्हय रं?" त्या हळू म्हणाल्या. सर हसले आणि प्राचार्यांनी बोलावलं म्हणून खाली प्रसाद घ्यायला गेले. मी त्यांच्याबरोबरच होतो. आम्ही परत आलो तेव्हा मावशी पायरीवर बसल्या होत्या, पदरानं हात पुसत.

दुसऱ्या दिवशी डबा बंद झाला. मग त्याला तापवायचं असतं. बाहेरून तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून, वर चकचकीत कागद लपेटून, दिवसेंदिवस भाजायचं, म्हणजे आत चिकटलेलं पाणी, हवा सगळं सुटून पंपात जातं. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की वीज येते कधी हे विचारणं सोपं पडे. सरांनी ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या, कॉलेजचा डिझेल जनरेटर मागून घेतला, आणि ते काम पार पाडलं. डबा गार झाला. आता दाब उतरायला हवा होता. थोडा उतरला आणि अडला. पाहिजे होता त्याच्या शंभरपट जास्त जागी जाऊन बसला तो हलेना.

पुढचे कित्येक महिने सर गळती शोधत होते. प्रत्येक सांध्यावर ॲसिटोनचा थेंब सोडायचा आणि मीटरकडे बघायचं. कुठे फट असेल तर काटा उडी मारतो. काटा ढिम्म. पुन्हा भाजलं, पुन्हा गार केलं, काटा तिथेच. सरांचा गार चहा आता टेबलावरच राहायला लागला. 'घाई म्हणजे उष्णता' हे वाक्य ते बोलेनासे झाले. मी घाबरलो, ते त्यामुळे. मुदत संपत आली होती. शेवटी एका दुपारी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "गळती नाही. म्हणजे आत काहीतरी आहे. उघडतो. सोबत थांबा."

झाकण निघालं. सरांनी आत छोटा आरसा आणि बॅटरी धरली. बघता बघता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी आरसा माझ्याकडे दिला. डब्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेखाली, जिथे वरून पाहताना नजर पोचत नाही तिथे, पाच बोटांचे ठसे उठले होते. एकाशेजारी एक, भाजून तपकिरी झालेले. आणि पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा, तोही तपकिरी.

मी केमिस्ट्रीचा असलो तरी गावचाच आहे, महाळुंगे पडवळचा. मला कोणी सांगायला नको होतं. नव्या कणगीत धान्य भरण्याआधी आतून वरच्या कडेला ओल्या हळदीची पाच बोटं उठवतात. घरातलं कोणतंही भांडं अगदी रिकामं बंद करत नाहीत. आत चार दाणे तरी टाकतात.

"सर," मी म्हणालो, "हे तर मावशींनी..."

"हळू बोला."

"हळू कशाला? एवढे महिने तुम्ही..." माझा आवाज चढला होता. मला खरंच राग आला होता, कोणाचा ते माझं मलाच कळत नव्हतं.

सर स्टुलावर बसले. "तिला कळलं तर ती मरेल, केमिस्ट्री. तिनं माझ्या भल्यासाठी केलंय ते. हे आपल्या दोघांत राहू दे. शपथ घ्या." मी त्यांच्यासमोर शपथ घेतली. मग त्यांनी मोजे चढवले आणि ते पाच ठसे पुसायला लागले. पुसताना पहिल्या बोटापाशी थोडे थांबले. मी मान खाली घालून टेबलावरचे बोल्ट मोजत राहिलो, कारण तिकडे बघवत नव्हतं.

पुन्हा भाजायला आणि लेसर लावायला वेळ उरला नव्हता. बंगळूरहून दोन शास्त्रज्ञ आले. माणसं चांगली होती. दाब का उतरला नाही, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "चूक माझी. बंद करण्याआधी मी आतून नीट तपासलं नाही." त्यांतला वयस्कर थोडा चकित झाला. असा माणूस अशी चूक करतो? पण त्यानं पुढे विचारलं नाही. मुदत वाढणार नाही, सामान परत न्यावं लागेल, असं ठरलं. जाताना तो सरांना बाजूला घेऊन म्हणाला की सामानाबरोबर तुम्हीही या, जागा आहे. सरांनी नकारार्थी मान हलवली. "माझी आई इथे आहे," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, संपलं. सर आता भिंगं शिकवत निवृत्त होणार. पण पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले ते चेहरा उजळून. "केमिस्ट्री, काय सांगू! आई येते म्हणाली. बंगळूरला. मी विचारलंसुद्धा नव्हतं. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, मुरली, मला हितं करमत न्हाई, कुठंतरी ने. मला तर काही कळेना. करमत नाही म्हणे! पन्नास वर्षं त्या गावात काढलेली बाई!"

मला आनंद झाला, पण मावशींना हे अचानक का सुचलं असावं, हा प्रश्न मनातून जाईना.

निघायच्या दिवशी मी निमगाव सावाला गेलो. प्रयोगशाळेचं आणि घरचं सामान एकाच टेम्पोत भरलं होतं. सर डब्याच्या पेटीला दोरी आवळत होते. मावशींनी मला मागच्या दारी बोलावलं. तुळशीपाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मास्तर, एक सांगती, मनात ठिवा. त्या दिशी म्या बाजारातनं आले व्हते. व्हरांड्याच्या खिडकीतनं बघितलं. त्यो भांड्याच्या आतनं घासत व्हता. वरच्या अंगाला. तिथंच माझी बोटं व्हती." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "त्यानं इच्चारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. माझ्या हातनं त्याचं गेलं, तर माझ्याच पायानं त्याच्यासंगं जायाला पायजे का नको? त्याला कळू देऊ नका. त्याला लई लागंल."

मी दुसरी शपथ घेतली. टेम्पोत मावशी पुढे बसल्या, मांडीवर एक गाठोडं. त्या गावाकडे वळून बघतील असं मला वाटलं होतं. त्या सरळ समोर बघत होत्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी सरांचा फोन आला. अणू थांबले होते. बंगळूरच्या प्रयोगशाळेत, त्याच डब्यात. आवाज इतका शांत होता की मला आधी वाटलं, कोणी आजारी आहे. मग छायाचित्र आलं. काळ्या पडद्यावर मधोमध एक पांढरा धूसर ठिपका, राईएवढा. मी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. किसननं ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "थांबला तर शेवटी."

दोघं मला शेवटचे एकत्र दिसले ते आणखी काही वर्षांनी, निमगावच्या यात्रेत. सुट्टी काढून आले होते. मावशी खूप वाळल्या होत्या. बंगळूरला भाषा कळत नव्हती, दिवसभर खोलीत एकट्या, असं सर बोलता बोलता सांगून गेले. सर अंगणात भावकीतल्या लोकांना अणू कसे पकडले ते सांगत होते. हरभऱ्याची गोष्ट पुन्हा रंगली होती. मी ओसरीवर बसलो होतो. मावशी माझ्याजवळ आल्या आणि अंगणाकडे पाठ करून बसल्या.

"मास्तर, त्याचं सापडलं म्हनत्यात. खरं हाय का वो?"

"म्हणजे काय मावशी? तुम्हाला दाखवलं नाही का?"

"दावलं. टीव्हीवर ठिपका दावला. टीव्हीवर काय, कायबी दावत्यात." त्यांनी अंगणाकडे एकदा वळून बघितलं. "त्यो माझ्यापास्नं एक गोष्ट लपवतो. मंग हीबी मला बरं वाटावं म्हनून सांगत असंल, असं येतं मनात. तुमी शाळा शिकल्याली माणसं. तुमी सांगा. खरंच झालं का त्याचं?"

इतकी वर्षं परक्या गावात ती बाई हा प्रश्न मनात घेऊन बसली होती. विचारायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "खरंच झालं, मावशी. मी स्वतः फोटो पाहिलाय, त्यांनी लिहिलेलं वाचलंय. बाहेरच्या देशांतल्या लोकांनीसुद्धा मानलंय. तुमच्या मुरलीनं अणू पकडले."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, मी खोटं बोलत नाही ना ते पाहिलं. मग एक लांब श्वास सोडला.

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

अंगणातून सरांनी हाक मारली, "आई, काय चाललंय गं तुमचं दोघांचं?"

"काय न्हाई रं," मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाल्या. "मास्तरला चा ठिवते."